नाणे टाकून अत्तर देणारी जुनी यंत्रे: इतिहास, रचना आणि एक दुरुस्ती

प्रश्न
फोंड्याचा घड्याळजी

नमस्कार मंडळी. फोंड्यात माझा घड्याळे आणि जुनी यांत्रिक उपकरणे दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे. सासष्टीतील एका तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) घराण्याने भिंतीवर टांगायची एक लोखंडी पेटी नुकतीच माझ्याकडे सोपवली आहे. त्या घरातले आजोबा इंग्रजी प्रवासी बोटीवर स्टुअर्ड होते आणि बोट मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ती पेटी घरी आणली, एवढेच घरच्यांना सांगता येते.

पेटी हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा थोडी अधिक उंच आहे. दर्शनी भागावर आरसा, आरशाखाली दाबायचे चार खटके, प्रत्येक खटक्याच्या वर बारीक तोंडाची एक पितळी तोटी आणि उजव्या अंगाला नाणे टाकण्याची खाच, अशी तिची मांडणी आहे. मागचे झाकण काढले तेव्हा आत चार काचेच्या बाटल्या मिळाल्या. त्यांपैकी एकीच्या तळाशी राळेसारखा घट्ट, तपकिरी थर आहे आणि इतक्या वर्षांनंतरही त्याला व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. प्रत्येक बाटलीखाली करंगळीएवढा पितळी पंप आहे. चामड्याचे वायसर मात्र सुकून चिरले आहेत. खाच मी व्हर्नियरने मोजली, ती ३१ मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी भरली.

ही पेटी अत्तर देणारी असावी असा माझा कयास आहे. घरच्यांना ती दुरुस्त करून दिवाणखान्यात लावायची आहे आणि शेजारी माहितीचे एक नीटस कार्ड ठेवायचे आहे. त्यासाठी अशा यंत्रांचा इतिहास काय, नाणे टाकल्यावर नेमके काय घडत असे, माझ्या पेटीला कोणते नाणे लागत असावे आणि आत आता काय भरणे योग्य ठरेल, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे. आजोबांच्या आयुष्यभराच्या नोकरीची ही एकच वस्तू घरात उरली आहे, त्यामुळे कार्डावर ऐकीव काही जाऊ नये असे मला मनापासून वाटते.


उत्तर १
ग्रंथपाल, पणजी

घड्याळजीबाब, तुमचा कयास बरोबर आहे. चार बाटल्या, चार खटके आणि मध्ये आरसा ही विसाव्या शतकाच्या मध्यावर उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि हॉटेलांतील स्त्रियांच्या प्रसाधनगृहात लावल्या जाणाऱ्या यंत्रांची ओळखीची मांडणी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘परफ्युमॅटिक’ या नावाचे याच धर्तीचे यंत्र होते. त्यात १० सेंटचे नाणे टाकायचे, हवा तो सुगंध निवडायचा आणि एक फवारा अंगावर घ्यायचा, एवढाच व्यवहार होता.

कार्डावर एक वाक्य अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या प्राचीन ग्रीक यंत्रज्ञासाठी अवश्य राखून ठेवा, कारण नाण्याच्या बदल्यात मोजून द्रव देण्याची पहिली लेखी नोंद त्याची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने देवळातील पवित्र पाण्याच्या यंत्राचे वर्णन केले. पाच द्राख्मांचे नाणे आत पडले की ते तरफेच्या टोकावरील तबकडीवर बसे, त्याच्या वजनाने तरफेचे दुसरे टोक वर जाई आणि त्याला जोडलेली झडप उघडून पाणी वाहू लागे. तबकडी कलंडून नाणे घसरले की झडप पुन्हा बंद होई. भाविकाच्या हाती किती पाणी येणार, हे नाणे तबकडीवर जेवढा वेळ टिकेल त्यावर ठरत असे. हेरॉननंतर अठराशे वर्षांनी अत्तराचे यंत्र करणाऱ्यांसमोर नेमका हाच प्रश्न होता: महागडा द्रव थेंबाथेंबाने कसा विकावा?

आधुनिक यंत्रांची लाट १८८० च्या दशकात आली. लंडनमध्ये १८८३ मध्ये पर्सिव्हल एव्हरिट यांनी पोस्टकार्डे देणारी यंत्रे लावली. १८८७ मध्ये तिथेच ‘स्वीटमीट ऑटोमॅटिक डिलिव्हरी कंपनी’ उभी राहिली आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर टॉमस अ‍ॅडम्स यांच्या च्युइंगगमची यंत्रे दिसू लागली. जर्मनीत कोलोन शहरातील श्टोलवेर्क या चॉकलेटच्या कारखान्याने १८८७ पासून हाच मार्ग धरला आणि १८९३ पर्यंत त्यांच्या चॉकलेटची सुमारे १५,००० यंत्रे होती. हेच कोलोन ‘ओ द कोलोन’ या सुगंधी द्रवाचेही गाव. पोस्टकार्ड आणि चॉकलेट यंत्रातून विकले जाते हे एकदा सिद्ध झाल्यावर सुगंधाकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. सुगंधाची चव लोकांना त्याआधीच लागली होती. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात सुगंधी द्रवाचे कारंजे होते आणि प्रेक्षक त्यात रुमाल भिजवून घेत असत.

रुमालाचा हा मुद्दा तुमच्या कार्डासाठी महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सुगंध कातडीवर लावण्यापेक्षा रुमालावर घेण्याचा रिवाज अधिक होता. त्यामुळे सुरुवातीच्या यंत्रांची तोटी खाली वाकलेली असे आणि तिच्याखाली रुमाल धरून दांडा ओढला की एक पिचकारी मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे एक ओतीव लोखंडी यंत्र होते. त्यात एक सेंट टाकून शिंगे खाली ओढली की रुमालावर अत्तर उडत असे. संग्राहक आज त्या यंत्रावर जीव टाकतात. तुमच्या पेटीच्या तोट्या समोर, आरशात पाहणाऱ्या माणसाच्या गळ्याच्या दिशेने रोखलेल्या असतील, तर ती रुमालाच्या काळानंतरची आहे असे निःशंक लिहा.

माझ्या मते या यंत्रांचे खरे वैशिष्ट्य असे की त्यांनी बाटली न विकता एक वेळचा सुगंध विकला. चांगल्या अत्तराची बाटली त्या काळी स्त्रीला बहुधा भेट म्हणून मिळे आणि ती सणासमारंभासाठी जपून ठेवली जाई. अमेरिकन सौंदर्यप्रसाधन उद्योजिका एस्टी लॉडर यांनी १९५३ मध्ये ‘यूथ ड्यू’ हे स्नानाचे तेल आणि अत्तर अशा दुहेरी रूपात ८.५० डॉलरना बाजारात आणले, तेव्हा स्त्रियांनी स्वतःसाठी सुगंध विकत घेण्याची सवय तिकडे रुजू लागली. त्याआधी दुकानात किंवा कचेरीत दिवसभर राबून संध्याकाळी नाटकाला जाणाऱ्या मुलीला, कोणाच्याही भेटीची वाट न पाहता, हातातल्या एका नाण्यावर हवा तो सुगंध मिळण्याची सोय या भिंतीवरच्या पेटीने केली. तुमच्या बोटीवरही तिचा उपयोग याहून वेगळा नसावा.


उत्तर २
नाणेसंग्राहक, म्हापसा

खाचेच्या मापावरून नाण्याचा निकाल लावता येतो. ३१ मिलिमीटरच्या खाचेत बसणारे इंग्रजी नाणे म्हणजे जुनी पेनी: व्यास ३०.८ मिलिमीटर, वजन ९.४ ग्रॅम, धातू कांस्य. अर्धा क्राऊन ३२.३ मिलिमीटरचा असल्यामुळे तो खाचेत शिरणारच नाही, फ्लोरिन २८.५ मिलिमीटरचा असल्यामुळे आतल्या पट्ट्यांमधून निसटून खाली पडेल आणि अर्धी पेनी तर त्याहूनही लहान आहे. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑगस्टनंतर जुनी पेनी चलनातून बाद झाली. तेव्हा तुमची पेटी त्या दिवसापूर्वीची आहे, हे कार्डावर बिनधास्त लिहावे.

गोव्याच्या वाचकांना एक गोष्ट रंजक वाटेल. ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया आणि त्याच्याच वजनाची, ११.६६ ग्रॅमची, पोर्तुगीज इंडियाची रुपिया ही दोन्ही नाणी व्यासाने पेनीच्या अगदी जवळची होती. १६ तांग्यांची ती रुपिया एका फवाऱ्यासाठी कोणी खर्च केली नसती, पण आजोबांच्या खिशातले घरचे नाणे त्या खाचेत शिरले असते एवढे खरे. १९५९ मध्ये गोव्यात रुपियाच्या जागी एस्कुदो आला आणि ६ एस्कुदोंना एक रुपिया असा हिशेब ठरला. ती नवी नाणी वेगळ्या मापांची होती.

आता नाणे आत गेल्यावर काय घडते ते. हेरॉनच्या यंत्रात नाण्याचे वजनच काम करत असे. तुमच्या पेटीसारख्या यंत्रात काम ग्राहकाचा हात करतो आणि नाणे फक्त किल्लीची जागा घेते. नाणे घरंगळत जाऊन खटक्याचा दांडा आणि पंपाचा दांडा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बसते. खाच रिकामी असेल तर खटका दाबला तरी तो पंपापर्यंत पोहोचत नाही; नाणे मध्ये आले की जोर पुढे जातो, दट्ट्या खाली उतरतो आणि दाब पूर्ण झाला की नाण्याला वाट मोकळी होऊन ते गल्ल्यात पडते. काही यंत्रांत याच कामासाठी नाणे एक अडसर उचलते, परिणाम तोच. तुमच्याकडे खटके चार आणि खाच एक आहे, म्हणून चारही खटक्यांना जोडणारी एक आडवी पट्टी शोधा. नाणे त्या पट्टीची अडकण सोडवते आणि एक खटका दाबला की उरलेले तीन जखडून राहतात. ही पट्टी गंजून बसली असेल तर तिच्यावर जोर करू नका, कारण तिचे दात पातळ असतात.

खोट्या नाण्यांचा बंदोबस्तही पाहण्यासारखा असतो. लहान तुकडा दोन पट्ट्यांमधून निसटून परतीच्या वाटेला लागतो, हलका तुकडा तोललेल्या पाळण्याला कलंडवू शकत नाही, लोखंडी चकती वाटेतला लोहचुंबक धरून ठेवतो आणि मधे भोक असलेले वायसर एका बारीक आकड्यात अडकते. तुमच्या पेटीत खाचेच्या आतल्या अंगाला नालेच्या आकाराचा चुंबक आहे का, हे पाहावे. असल्यास तो काढून ठोकाठोकी करू नये. आपटल्याने चुंबकाची शक्ती कमी होते.


उत्तर ३
रसायनशास्त्राची शिक्षिका, मडगाव

ग्रंथपालताईंनी यंत्राचा इतिहास उत्तम मांडला आहे. त्यात द्रवाचा इतिहास जोडला नाही तर एका पेनीत अत्तर कसे परवडत होते, हे समजणार नाही. गुलाबाचे किंवा मोगऱ्याचे शुद्ध तेल यंत्रातून विकणे कोणालाही शक्य नव्हते. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८६८ मध्ये कूमारिन (वाळल्या गवतासारखा गोड वास देणारे रसायन) प्रयोगशाळेत बनवले, टीमान आणि हार्मान यांनी १८७४ मध्ये व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारे रसायन) तयार केले, १८८८ मध्ये बाऊर यांना कृत्रिम कस्तुरी सापडली आणि १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर यांनी व्हायोलेटच्या फुलांचा वास देणारे आयोनोन मिळवले. म्हणजे लंडनच्या फलाटांवर यंत्रे उभी राहत होती त्याच वीस-पंचवीस वर्षांत सुगंधाची किंमत कोसळत होती. व्हायोलेट, व्हाइट रोझ, हेलिओट्रोप ही त्या काळातील लोकप्रिय अत्तरांची नावे पाहिली की हा संबंध लक्षात येतो. ठरावीक मापाचे नाणे आणि स्वस्त रसायन या दोन्हींचा जन्म जवळपास एकाच वेळी झाला, म्हणून हे यंत्र चालले. केवळ कुशल लोहाराच्या भरवशावर ते शंभर वर्षे आधी चालले नसते.

तुमच्या बाटलीतला तपकिरी थर या कथेचा पुरावाच आहे. अशा अत्तराचा मोठा भाग अल्कोहोलचा असतो. ते उडून जाते, त्यामागोमाग लिंबू-संत्र्यासारखे हलके वास जातात, मग फुलांचे वास ओसरतात आणि तळाशी राहतात ते जड पदार्थ: लोबानासारख्या राळा, कूमारिन आणि व्हॅनिलिन. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागून तपकिरी पडते. तुम्हाला येणारा गोडसर वास त्याचाच असण्याची शक्यता अधिक आहे. हा थर मात्र उघड्या बोटांनी खरवडू नका. जुन्या अत्तरांत मस्क अँब्रेट नावाची कृत्रिम कस्तुरी सर्रास वापरत असत. ती कातडीवर असताना ऊन लागले तर त्वचेला अपाय होतो असे आढळल्यामुळे पुढे युरोपात तिच्यावर बंदी आली. हातमोजे घाला, बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून रात्रभर ठेवा आणि मऊ ब्रशने धुवा. थोडा थर लहानशा काचेच्या कुपीत घट्ट बूच लावून जतन केलात तर कार्डाशेजारी ठेवता येईल आणि घरच्यांना तो वास राखता येईल.

नव्याने अल्कोहोलचे अत्तर भरू नका, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. इथेनॉलची वाफ साधारण १७ अंश सेल्सिअसपासून पुढे ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते आणि आपल्याकडे गोव्यात पारा वर्षभर त्याच्या वरच असतो. दिवाणखान्यात समई, उदबत्ती किंवा आल्तारावरची मेणबत्ती तेवत असताना फवारा उडाला तर अनर्थ ओढवेल. साधे गुलाबपाणी भरा. उन्हाळ्यात सुरंगीच्या वळेसारांनी (गजऱ्यांनी) बाजार दरवळतात तेव्हा कोणी त्या फुलांचे ऊर्ध्वपातन करून पाणी काढत असेल, तर तेही एका बाटलीत भरायला हरकत नाही. पाणी भरले तर मात्र पंप रोजच्या रोज रिकामा करून कोरडा करावा लागेल, नाहीतर बुरशी धरेल.

चामड्याच्या वायसरांऐवजी टेफ्लॉनचे वायसर बसवा. साधे रबर सुगंधी तेलांनी फुगते. पुढे कोणी अजाणता अत्तर भरले तरी पंप अडकून बसणार नाही.


उत्तर ४
यंत्रांचा जुना विक्रेता, वास्को

वरच्या तिन्ही उत्तरांमध्ये ही यंत्रे मागे का पडली याचा खुलासा राहून गेला आहे. दाबले की फवारा देणारे स्वस्त डबे १९५० नंतर घरोघरी पोहोचले, हे कारण सगळेच देतात आणि ते खरेही आहे. परंतु मला नाण्याचे कारण अधिक वजनदार वाटते. यंत्रातल्या मालाचा भाव हवा तसा वाढवता येत नाही. एका पेनीचा माल सव्वा पेनीला विकायचा तर सव्वा पेनीचे नाणे असावे लागते. कोकाकोलाची बाटली अमेरिकेत अनेक दशके ५ सेंटलाच राहिली, त्याचे एक कारण यंत्रे फक्त तेच नाणे स्वीकारत असत हे होते, आणि १९५३ मध्ये त्या कंपनीने साडेसात सेंटचे नवे नाणे पाडावे अशी मागणी सरकारकडे केली होती. ती मान्य झाली नाही. शीतपेयाच्या अवाढव्य खपात हा तोटा सोसता आला. अत्तराच्या लहान पेटीला तो सोसणे शक्य नव्हते. भाव चढले की मालक आधी अत्तर पातळ करणार, आणि गिऱ्हाईक एकदा फसले की दुसऱ्यांदा नाणे टाकत नाही.

जत्रेत किंवा फेस्ताच्या फेरीत अत्तरवाला कानात घालायला अत्तराचा फाया देतो. एक वेळचा सुगंध विकण्याचा तोही धंदाच आहे आणि तो टिकून आहे, कारण भाव माणूस ठरवतो आणि गिऱ्हाईक पाहून तो कमीजास्तही करतो. आजकाल मॉलमध्ये मोबाईलवरून चौकट स्कॅन करून फवारा देणारी यंत्रे दिसतात. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून भाव नाण्याला बांधलेला राहिला नाही, म्हणून हा जुना प्रकार आता पुन्हा परवडू लागला असावा असे माझे मत आहे.


पुन्हा प्रश्नकर्ता
फोंड्याचा घड्याळजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाणेसंग्राहकांनी सांगितल्याप्रमाणे चारही खटक्यांमागे दातेरी आडवी पट्टी निघाली. ती रॉकेलमध्ये भिजवून ठेवली आणि आता ती हाताने सरकते. खाचेच्या आत नालेच्या आकाराचा चुंबकही आहे आणि त्याला एक गंजलेली लोखंडी चकती अजून चिकटलेली मिळाली; बोटीवर कोणीतरी फुकट फवारा घेण्याचा प्रयत्न केला असावा. ती चकती मी तशीच ठेवणार आहे. तोट्या समोरच रोखलेल्या आहेत, त्यामुळे ग्रंथपालताईंचा निष्कर्ष कार्डावर जाईल. चुंबकाने पकडलेल्या चकतीचा उल्लेखही घरच्यांनी आनंदाने मान्य केला आहे.

एकच शंका उरली आहे. पाहुण्यांना यंत्र चालवून दाखवायचे तर पेनी कुठून आणावी? आपले १० रुपयांचे नाणे टाकून पाहिले, ते सरळ परतीच्या वाटेने बाहेर येते.


उत्तर ५
नाणेसंग्राहक, म्हापसा

१० रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, ते परत येणे म्हणजे तुमची पेटी व्यवस्थित काम करत असल्याची खूण आहे. त्यासाठी आतल्या पट्ट्या वाकवून वाट अरुंद करू नका. जुन्या पेन्या दुर्मीळ नाहीत. जॉर्ज सहावे आणि एलिझाबेथ दुसरी यांच्या काळातील झिजलेल्या पेन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे किरकोळ किमतीत मिळतात. चारपाच घेऊन ठेवा. व्हिक्टोरियाच्या काळातील फार झिजलेली पेनी मात्र घेऊ नका, कारण वजन कमी झाल्यामुळे पाळणा कधी कलंडेल आणि कधी नाही. तोवर चाचणीसाठी लेथवर ३०.८ मिलिमीटर व्यासाची पितळी चकती कातून घ्या आणि वजन ९.४ ग्रॅम भरेपर्यंत जाडी कानशीने उतरवत जा. गल्ल्याला कुलूप लावू नका, म्हणजे टाकलेली पेनी लगेच काढून पुढच्या पाहुण्याच्या हाती देता येईल.